पाळणाघरातला टर्नर

आमच्या कारखान्यात पंप बनतात. मोठ्या इमारतींच्या गच्चीवरच्या टाक्यांत पाणी चढवणारे. मी वाइंडिंगमध्ये आहे, म्हणजे मोटरच्या खाचांत तांब्याची तार भरते. अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मी एकच मोठी तक्रार लिहिली, आणि ज्या माणसाविरुद्ध लिहिली त्याचीच गोष्ट सांगायला आज बसले आहे. हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की बाईनं स्वतःचं तेवढं झाकून ठेवलं.

त्यांना सगळे मायक्रॉन म्हणायचे. लेथ विभागात टर्नर होते, म्हणजे फिरत्या यंत्रावर लोखंड तासायचे, पंचवीस वर्षं एकाच मशीनवर. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शाफ्ट, म्हणजे पंपाचा फिरणारा दांडा, चार-पाच मायक्रॉन इकडंतिकडं झाला तर बाकीचे "चालतंय की" म्हणून पुढं ढकलायचे. यांच्याकडं ते चालायचं नाही. शाफ्ट काढायचा, पुसायचा, निवू द्यायचा आणि मगच माप घ्यायचं. घाईच्या दिवशी फोरमन पाठीशी येऊन उभा राहिला की म्हणायचे, "साहेब, लोखंड गरम असताना खोटं बोलतं. पाच मिनिटं द्या त्याला." ठेंगणा बांधा, चकाकणारं टक्कल, चष्मा कायम कपाळावर. आवाज मात्र असा की लेथच्या गोंगाटात न ओरडता ऐकू यावा.

घरी बायको आणि जुळे मुलगे. बायको मोठ्या हॉस्पिटलात नर्स, पाळ्यांची नोकरी. तिची पाळी असली की घर यांच्या ताब्यात. मुलं पाच महिन्यांची असल्यापासून त्यांना न्हाऊ-माखू घालणं, भरवणं, निजवणं सगळं यांनी केलेलं. कामावर कोणी चेष्टा केली की म्हणायचे, "दोघांना एकाच वेळी जुलाब लागले ना, की माणसाला सगळं येतं." ती मुलं आता मोठी होऊन शिकायला बाहेर गेली होती.

मग मनगट गेलं. पंचवीस वर्षं तेच हँडल, तोच झटका, तीच थरथर. उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं आणि कारखान्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलं: लेथ बंद, हँडल फिरवणं बंद, पंधरा किलोपर्यंत वजन उचलायला हरकत नाही. कंपनीनं हलकं काम म्हणून फाटकावर बसायला सांगितलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे.

फाटकावर त्यांनी दोन आठवडे काढले. तिसऱ्या आठवड्यात सूचनाफलकावर एक नोटीस लागली. पाळणाघरासाठी मदतनीस हवा. मुलांची आवड हवी, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र हवं. आणि खाली नेहमीची बारीक अक्षरातली ओळ: सर्व कर्मचाऱ्यांना समान संधी.

पाळणाघर कँटीनच्या मागं. एक लांबट खोली, सोळा मुलांची सोय. सांभाळणाऱ्या बाई पूर्वी बालवाडीत शिकवायच्या. हात प्रेमळ, पण गुडघे दुखायचे, खाली बसल्या की उठताना भिंत धरायच्या. त्यांची मदतनीस नोकरी सोडून गेली होती, म्हणून ती नोटीस.

मायक्रॉन अर्ज घेऊन एचआरच्या साहेबांकडं गेले. तिथं काय झालं ते मला खुद्द त्यांनीच पुढं कधीतरी सांगितलं.

साहेबांनी अर्ज वाचला, मान वर करून बघितलं, पुन्हा वाचला.

"बायकोसाठी आणलाय का?"

"तिला नोकरी आहे. माझाच आहे."

"अहो, पाळणाघर आहे ते."

"माहीत आहे. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र जोडलंय. लेथ शॉपच्या सुरक्षा पथकात होतो मी आठ वर्षं. आणि डॉक्टरांचं पत्रही आहे, पंधरा किलोपर्यंत उचलू शकतो. तीन वर्षांचं मूल त्यात आरामात बसतं."

साहेबांना हसू आवरेना. "ती समान संधीची ओळ वाचून आलात वाटतं. अहो, ती सगळ्याच नोटिशींखाली असते."

"मग सगळ्याच नोटिशींना लागू असेल," मायक्रॉन म्हणाले.

साहेबांचं हसू तिथंच थांबलं. नियमात बसत होतं, प्रमाणपत्र होतं, आणि दुसरा एकही अर्ज आलेला नव्हता. पुढच्या महिन्यापासून, तीन महिन्यांसाठी म्हणून नेमणूक झाली.

ही बातमी वाइंडिंगला कळली तेव्हा माझ्या हातातली तार तुटली. खरंच तुटली. माझी धाकटी तेव्हा अडीच वर्षांची, दिवसाचे आठ तास त्याच खोलीत. बोलायला लागलेली, पण काय झालं ते नीट सांगता येईल एवढं नाही. मी मायक्रॉनना ओळखत होते. भला माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण माणूस भला दिसतो म्हणून काळजी मिटत नाही. मला माझी कारणं होती. ती मला माझ्या लहानपणानं दिली होती, आणि ती कोणाला सांगायला मी बांधील नव्हते, आजही नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी पत्र लिहिलं. पुरुष मदतनीस नको असं मी लिहिलं नाही. मी प्रश्न लिहिले. खोलीत एका वेळी किती मोठी माणसं असणार? बाई औषधाला किंवा बँकेत गेल्या तर मुलं कोणाजवळ? मुलांचे कपडे कोण बदलणार, आणि कुठं? दार दिवसभर बंद का असतं? शेवटी लिहिलं की उत्तरं मिळेपर्यंत ही नेमणूक थांबवावी. चौदा आयांनी सही केली.

साहेबांनी आमच्यापैकी एकीलाही बोलावलं नाही. आठ दिवसांनी फलकावर नोटीस आली: "समानता आणि विविधता प्रशिक्षण. पाळणाघराचा लाभ घेणाऱ्या सर्व महिला कर्मचाऱ्यांना उपस्थिती सक्तीची."

म्हणजे प्रश्न आम्ही विचारले आणि शिकवणीही आम्हालाच! माझं डोकंच फिरलं.

प्रशिक्षण कँटीनच्या हॉलमध्ये झालं. टेबलं भिंतीला लावून खुर्च्या ओळीत मांडल्या होत्या. पहिल्या ओळीत साहेब, कडेला पाळणाघराच्या बाई, आणि सगळ्यांत मागं, पाण्याच्या पिंपाशेजारी, मायक्रॉन. त्यांनी कामावरचा निळा कोट घरी ठेवून साधा शर्ट घातला होता. आमच्याकडं बघत नव्हते.

प्रशिक्षण देणाऱ्या मॅडम पस्तिशीच्या, चुणचुणीत, लॅपटॉप घेऊन आलेल्या. त्यांनी सगळ्यांना कागद दिले. "मी एकेक व्यवसाय सांगते. डोळ्यांपुढं जे कोणी येईल त्याचं चित्र काढा. वैमानिक. आचारी. नर्स."

आम्ही काढली. मला वर्तुळापलीकडं काही येत नाही, पण काढलं. मॅडमनी कागद गोळा केले आणि उंच धरले. "बघा. नर्स म्हटल्यावर सगळ्यांनी बाईच काढलीय. एकूण एक! यालाच पूर्वग्रह म्हणतात. आपल्याला कळतही नाही आणि तो आपल्या आत बसलेला असतो." मग एक कागद जवळ घेऊन म्हणाल्या, "हे चित्र तर इतकं बारीक काढलंय, चष्मा, पिन, घड्याळसुद्धा. कोणाचं आहे?"

मागून हात वर झाला. "माझं," मायक्रॉन म्हणाले. "ती बाई आहे, कारण ती माझी बायको आहे."

हॉल खदखदून हसला. मीही हसले, नाही म्हणत नाही. मॅडमचा चेहरा जरा पडला, पण त्यांनी सावरलं आणि पडद्यावर पुढचं वाक्य आणलं: पुरुष लहान मुलांना सांभाळू शकत नाहीत. खरं की खोटं?

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. मी उभी राहिले.

"मॅडम, हा आमचा प्रश्नच नाही. सांभाळता येत नाही असं आम्ही कुठं लिहिलंय? तुम्ही आमचं पत्र वाचलंय का?"

मॅडमनी साहेबांकडं बघितलं. "कुठलं पत्र?"

साहेब खुर्चीत हलले. मॅडमना कोणी पत्र दाखवलंच नव्हतं. आयांना पुरुष मदतनीस नको आहे, त्यांची समजूत काढा, एवढंच सांगून बोलावलं होतं. माझ्याकडं पत्राची प्रत होती. मी ती तिथंच वाचून दाखवली, पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत. कपड्यांच्या प्रश्नाला आवाज थोडा कापला, पण थांबले नाही.

"हाच तो पूर्वग्रह," साहेब म्हणाले. "आधीच्या मदतनीस बाई होत्या तेव्हा का नाही विचारलंत?"

हा प्रश्न मला लागला, कारण तो खरा होता. तेव्हा मी विचारलं नव्हतं. तेवढ्यात मागून तो लेथचा आवाज आला.

"साहेब, जरा थांबा."

मायक्रॉन पुढं चालत आले. मॅडमच्या शेजारी उभे राहिले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"पंचवीस वर्षं मी शाफ्ट बनवले. बनवला की मी तपासायचो. मग तपासणी विभाग पुन्हा तपासायचा. दर वेळी. मी कधी म्हटलं नाही की हा माझा अपमान आहे. मापात असेल तर पास, नसेल तर परत. लोखंडाच्या दांड्याला आपण दोनदा तपासतो, आणि या बाया स्वतःच्या पोटच्या मुलांबद्दल चार प्रश्न विचारतायत तर त्यांना शिकवणी लावली? त्यांनी विचारलं नसतं तर मला काळजी वाटली असती."

मी अजून उभीच होते, पत्र हातात धरून.

"ताई, तुमचे सगळे प्रश्न बरोबर आहेत," ते मला म्हणाले. "उत्तरं आपण बसून काढू. पण माझीही एक अट आहे."

"काय?"

"जे नियम होतील ते त्या खोलीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला. मला, बाईंना, उद्या येणाऱ्या कोणालाही. नुसते माझ्यापुरते केलेत तर ते नियम नव्हेत. ती माझ्या गळ्यात अडकवलेली पाटी झाली. ती घालून मी फिरणार नाही. मग मी फाटकावर बरा."

मी खाली बसले. साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं होतं, तेव्हाही विचारायलाच हवं होतं, आणि ते माझ्या बाजूचं नव्हतं. पण विचित्र म्हणजे मला हरल्यासारखंही वाटलं नाही.

पाळणाघराच्या बाई भिंत धरून उठल्या. "मला मान्य आहे. दाराला काच मी गेली तीन वर्षं मागतेय. मुलं दारामागं खेळतात आणि बाहेरून येताना मला दिसत नाहीत, उघडलं की एखादं धडकतंच. माझं कोण ऐकतंय!"

मॅडमनी काय केलं ते मला फार आवडलं. त्यांनी लॅपटॉप मिटला. खुर्च्या गोल करायला सांगितल्या आणि हजेरीच्या कागदामागं स्वतःच्या हातानं लिहायला बसल्या. दीड तासात आठ नियम झाले. खोलीत कायम दोन मोठी माणसं, एकटं कोणीच नाही. एक बाहेर जायचं तर कँटीनमधून ठरलेली तिसरी व्यक्ती येणार. दाराला आणि भिंतीच्या वरच्या भागाला काच. कपडे बदलायचं टेबल पडद्याआड पण खोलीतच. आणि प्रत्येक आईनं लिहून द्यायचं की आपल्या मुलाचे कपडे कोणी बदललेले चालतील. कारण विचारायचं नाही. हा शेवटचा भाग मायक्रॉननी घालायला लावला. "कारण ज्याचं त्याच्यापाशी," एवढंच म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही, तरी मला वाटलं हा माणूस दिसतो त्यापेक्षा जास्त समजून आहे.

मी लिहून दिलं: फक्त बाई. त्यांनी कागद घेतला, फाइलला लावला, बास.

काच बसेपर्यंत ते खोलीत गेले नाहीत. तीही त्यांचीच अट. नऊ दिवस कँटीनच्या बाजूला बसून वाट्या धुतल्या, खेळण्यांच्या कडा घासल्या, मुलांची ठेंगणी स्टुलं एकेक उलटी करून लंगडे पाय सारखे केले. सुताराला काचेचं माप त्यांनीच दिलं. सुतार नंतर कँटीनमध्ये सांगत होता, "आयुष्यात पहिल्यांदा काच एका फटक्यात बसली. पण तो माणूस डोकं खातो हो!"

मुलांना मायक्रॉन म्हणता येईना. त्यांचं झालं माको. माकोमामा. महिनाभरात कारखानाभर तेच नाव पसरलं.

मी रोज सुट्टीत काचेतून बघायचे. उघड उघड बघायचे, लपून नाही. ते आतून मान हलवायचे आणि आपल्या कामाला लागायचे. कधी एका मांडीवर एक, दुसऱ्या मांडीवर दुसरं, तिसरं टकलावर हात फिरवतंय. कधी नुसतेच जमिनीवर पालथे, आणि पाठीवरून गाड्या चालल्यात.

त्याच सुमाराला माझी धाकटी चावायला लागली. घरी नाही, फक्त पाळणाघरात. आज याचा दंड, उद्या तिचा गाल. दुसऱ्या आया मला तोंडावर काही बोलत नव्हत्या, पण बोलत होत्या. मी घरी रागावले, समजावलं, एकदा हातही उगारला. काही उपयोग नाही. शेवटी एके दिवशी माकोमामांनी मला सुट्टीत थांबवलं.

"ताई, तिला रागवू नका. ती भुकेनं चावते."

"भुकेनं? नाश्ता भरवून आणते मी तिला."

"किती वाजता?"

"सहाला. सातची पाळी असते ना माझी."

त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. बारा दिवसांच्या बारा वेळा लिहिल्या होत्या. अकरा वाजून पाच, अकरा वीस, अकरा दहा. "एकदाही अकराच्या आधी नाही, साडेअकराच्या नंतर नाही. आणि जेवण आपण देतो साडेअकराला. बाकीच्यांच्या आया नऊच्या पाळीला, ती मुलं आठला खाऊन येतात, त्यांना चालतं. हिला साडेदहाला एक केळं देऊन बघू का? तुम्ही हो म्हणालात तर."

दुसऱ्या दिवसापासून केळं सुरू झालं आणि चावणं बंद. माझ्या पोटच्या पोरीचं जे मला कळलं नव्हतं ते त्यांनी मोजून काढलं होतं. महिनाअखेरीला मी फाइलमधला माझा कागद मागून घेतला आणि "फक्त बाई" खोडून "दोघंही" लिहिलं. कोणी मला लिहायला सांगितलं नव्हतं. काही जणींनी आपला कागद कधीच बदलला नाही, आणि त्यांच्या मुलांना त्यावरून काही कमी पडलं नाही.

तीन महिने संपले, नेमणूक कायम झाली. आता राहिली होती पुरुषांची बाजू.

लेथवरचे आणि असेंब्लीवरचे त्यांचे जुने सोबती त्यांना सोडत नव्हते. "काय माको, अंगाई म्हण की एखादी!" "दुपारची झोप झाली का?" सगळ्यांत मोठा आवाज क्रेनवाल्याचा. तो दांडगा गडी, टन टन ओतीव लोखंड लोकांच्या डोक्यावरून फिरवणारा. कँटीनच्या रांगेत माकोमामा दिसले की अंगठा तोंडात घालून दाखवायचा. माकोमामा शांतपणे ताट वाढून घ्यायचे.

प्रशिक्षणवाल्या मॅडम पुन्हा आल्या, या वेळी शॉपमधल्या पुरुषांसाठी. येण्याआधी त्यांनी मला फोन केला. "तुम्ही आणि माकोमामा माझ्याबरोबर उभे राहाल का? नियम कसे झाले ते तुम्हीच सांगा. माझी चित्रं मी घरी ठेवून येते."

मी गेले. साठ-सत्तर पुरुष, अर्धे मोबाइलमध्ये तोंड घालून. मी नियमांची गोष्ट सांगितली, ती त्यांनी बऱ्यापैकी ऐकून घेतली. मग माकोमामा उठले आणि नेहमीच्या आरोळ्या सुरू झाल्या. क्रेनवाल्यानं अंगठा तोंडात घातलाच.

"तुझी मुलगी किती वर्षांची रे?" माकोमामांनी त्याला विचारलं.

"दोन पूर्ण."

"आत्ता कुठं आहे?"

क्रेनवाल्याचा अंगठा खाली आला. "शेजारच्या काकूंकडं."

"काल?"

"काल... मेहुणीकडं."

"परवा?"

त्याच्या शेजारचाच म्हणाला, "परवा हा दोन तास उशिरा आला. बायकोला नोकरी लागलीय ना नवीन, रोज सकाळी कोणाचे तरी पाय धरत फिरतो."

"मग इथं का नाही आणत तिला?" माकोमामा म्हणाले. चेष्टेचा लवलेश नव्हता आवाजात.

"इथं कसं आणणार? पाळणाघर बायकांसाठी आहे."

"पाळणाघर मुलांसाठी आहे," माकोमामा म्हणाले. मग मॅडमकडं वळले. "मॅडम, नियमाच्या पाटीवर लिहिलंय, महिला कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. ही ओळ समानतेत कुठं बसते ते मला समजावून सांगा. मी सहा महिने शोधतोय, मला सापडत नाही."

मॅडम हसल्या. "मलाही सापडणार नाही."

पाळणाघराच्या भिंतीवरची ती पाटी मी रोज बघत होते. त्या ओळीवरून माझी नजर हजार वेळा फिरली असेल, एकदाही अडली नव्हती.

एक मात्र सांगायला हवं. हे कळलं म्हणून आम्ही आया लगेच टाळ्या वाजवत पुढं आलो असं झालं नाही. सोळा जागा, पंधरा भरलेल्या, आणि दोघी बाळंतपणाच्या रजेवरून परतायच्या होत्या. सुट्टीत आमची बैठक झाली तेव्हा चांगलीच जुंपली. "एवढी वर्षं भांडून आपण हे पाळणाघर मिळवलं, आता बापांना देऊन टाकायचं?" एकीनं विचारलं. तिचं चूक नव्हतं. जागाच नसेल तर समानता बसणार कुठं?

तोडगा निघाला तो माप घेतल्यामुळं. पाळणाघराला लागून नकाशे ठेवायची खोली होती. नकाशे संगणकावर गेल्यापासून तिथं मोडक्या खुर्च्या आणि धूळ. माकोमामांनी टेप लावून दोन्ही खोल्या मोजल्या, मधली भिंत ठोकून बघितली, भार घेणारी नाही हे बांधकामवाल्याकडून पक्कं करून घेतलं. भिंत काढली तर आणखी दहा मुलं मावतात.

मी दुसरं पत्र लिहिलं. पहिल्यावर चौदा सह्या होत्या, यावर त्र्याण्णव झाल्या, आणि निम्म्याहून जास्त पुरुषांच्या. दोन मागण्या: शेजारची खोली द्या आणि पाटीवरचा "महिला" शब्द काढा. आधी खोली, मग शब्द, याच क्रमानं, असं मी अधोरेखित केलं होतं. पत्र घेऊन आम्ही तिघं गेलो: मी, माकोमामा आणि क्रेनवाला. साहेबांनी सह्यांची पानं उलटली.

"तुम्ही पत्र लिहिलंत की माझ्या पोटात गोळा येतो," ते मला म्हणाले.

"या वेळी आधी बोलावून घ्या, म्हणजे येणार नाही," मी म्हटलं.

त्यांनी खरंच आम्हाला बसायला सांगितलं. चहा मागवला. वरच्यांना समजवायला त्यांना दोन महिने लागले, पण त्यांनी ते केलं, आणि मनापासून केलं. त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

भिंत पडली. नवा रंग लागला. पहिला बाप अर्थातच क्रेनवाला. सकाळी पावणेसातला मुलीला कडेवर घेऊन दारात आला आणि तिथंच खिळला. मुलगी रडत नव्हती, यालाच पाय उचलवेना. आतून माकोमामांनी हात पुढं केले तरी हा सोडेना.

मी धाकटीला सोडायला आले होते. म्हटलं, "भाऊ, असं करू नका. तिच्याकडं हसून बघा, संध्याकाळी येतो म्हणा आणि सरळ चालायला लागा. वळून बघायचं नाही. पहिला आठवडा जड जातो, मग सवय होते."

"तिला?"

"तुम्हाला!"

त्यानं तसंच केलं. वळला नाही, पण वळणावर बाहीनं डोळे पुसताना मी त्याला बघितलं. रांगेत अंगठा तोंडात घालणं त्यानं त्यानंतर कधी केलं नाही. कोणी दुसरा करायला लागला की त्याला आधी हाच गप्प करतो.

याला आता चार वर्षं झाली. पाळणाघरात सव्वीस मुलं आहेत, नऊ जणांना बाप सोडायला येतात. बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी माकोमामाच मुख्य, आणि हाताखाली दोन मदतनीस. त्या निवडताना ते मुलाखतीला बसले होते. एक पुरुषही आला होता, मोठ्या उमेदीनं. त्याला घेतला नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय हो, तुमच्यातलाच होता की!" तर म्हणाले, "दहा मिनिटांत चार वेळा घड्याळ बघितलं त्यानं. मूल जेवायला पाऊण तास घेतं."

मॅडम वर्षातून दोनदा येतात. नवीन भरती झालेल्यांचं प्रशिक्षण असतं, अर्धा दिवस. त्यातला एक तास माको आणि मी घेतो. पहिल्यांदा मी माइकला हात लावायला तयार नव्हते, आता माइक हातात आला की सोडवत नाही. मी आधी माझं पहिलं पत्र वाचते, कपड्यांच्या प्रश्नासकट. आवाज आता कापत नाही.

गेल्या महिन्यात कारखान्यात नवी यंत्रं आली. संगणकावर चालणारी, बटणांची, ना हँडल ना थरथर. साहेब स्वतः पाळणाघरात आले. दाराशी बूट काढले, आत येऊन ठेंगण्या स्टुलावर कसेबसे टेकले. मी तेव्हा धाकटीच्या जुन्या बाहुल्या द्यायला आले होते, म्हणून सगळं ऐकलं.

"तुमच्यासाठी चांगली बातमी आहे," साहेब म्हणाले. "या यंत्रांना मनगट लागत नाही, नजर लागते. तुमच्यासारखी नजर आमच्याकडं दुसरी नाही. पुन्हा शॉपमध्ये या. वरची श्रेणी देतो. एवढे दिवस नाइलाजानं काढलेत इथं, आता परत आपल्या कामावर या."

माकोमामा एका बाळाला खांद्यावर थोपटत होते. त्यांनी थोपटणं थांबवलं नाही.

"साहेब, मनापासून आभार. यंत्र बघायला नक्की येईन. जो कोणी चालवणार असेल त्याला मापाचं काही अडलं तर सुट्टीत सांगेनही. पण नाइलाज नव्हता. नाइलाज फाटकावर होता. इथं मी अर्ज करून आलोय."

"पुन्हा एकदा विचार करा."

"केलाय. बायकोशीही बोललोय. ती म्हणाली, तू घरी येऊन लेथबद्दल कधी एवढं बोलत नव्हतास."

साहेब उठताना गुडघ्यावर हात टेकून म्हणाले, "स्टूल चांगलं आहे, डगमगत नाही." बाळानं ढेकर दिली होती आणि पलीकडच्या गादीवर दोघं-तिघं एकदमच कुशी बदलायला लागली होती. मुलं उठायची वेळ झाली होती. माकोमामांनी चष्मा कपाळावर सारला, बाळाला एका मदतनीस बाईकडं दिलं आणि दुधाचे पेले मांडायला घेतले.